राउटर बंद करून चालू करा म्हणे!

"एकदा राउटर बंद करून परत चालू करून बघा."

घरगुती कॉम्प्युटरच्या दुनियेत या वाक्याला मंत्राचा दर्जा मिळालाय. कस्टमर केअरवाला हेच म्हणतो, शेजारचा बारावीतला पोरगा हेच म्हणतो, आणि पुण्या-बंगळुरात बसून सर्व्हरचा कारभार सांभाळणारा त्या घरचा इंजिनिअर मुलगाही फोनवर हेच म्हणतो. आजचा लेख या वाक्याच्या विरोधात आहे. सरळ विरोधात. "दोन्ही बाजू असतात हो" वगैरे काही मिळणार नाही. ज्यांना रविवारी सकाळी काहीतरी शांत, समतोल वाचायचंय त्यांनी आधी पोहे खाऊन घ्यावेत.

आमचं घर चंद्रपूरचं. इथे येणाऱ्या मंडळींपैकी बऱ्याच जणांची घरं अशीच कुठे कुठे आहेत. बल्लारपूर, वरोरा, मूल, ब्रह्मपुरी, देसाईगंज, अहेरी. आपण कामधंद्यासाठी बाहेर पडलो आणि मागे राहिले एक कॉम्प्युटर, एक राउटर, आई-बाबा आणि कॉलेजात जाणारं धाकटं भावंड. रविवारी फोन येतो, "अरे, काड्या तर फुल दिसून राहिल्या, पण नेट नाही चालून राहिलं." आणि इकडून मंत्र म्हटला जातो.

आता जरा थांबून ते आईचं वाक्य परत वाचा. काड्या फुल आहेत, नेट नाही. तिने दोन वेगवेगळ्या गोष्टी बरोबर वेगळ्या करून सांगितल्यात. म्हणजे अर्धं निदान झालेलं आहे! आणि आपण काय करतो, तर दोन्ही परत एका पिशवीत कोंबून म्हणतो, बटण बंद कर.

वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे. हे आयटीवाल्यांना सांगायची गरज नसावी, पण आपणही बोलताना "वायफाय गेलं" असंच म्हणतो. वायफाय हा त्या प्रवासातला कॉम्प्युटरपासून राउटरपर्यंतचा शेवटचा पंधरा-वीस फुटांचा तुकडा. पुढे फायबर खांबावर जाते, तिथून कंपनीच्या एक्स्चेंजला, तिथून नागपूर-मुंबईकडे, आणि मग कुठे ती वेबसाइट. काड्या फक्त पहिल्या तुकड्याबद्दल बोलतात. घरापासून एसटी स्टँडपर्यंतचा रस्ता चांगला आहे, एवढंच त्यांना कळतं. नागपूरची गाडी सुटली का, हे त्यांना विचारून उपयोग नाही.

विंडोजमधलं ते पृथ्वीचं चित्र आणि "नो इंटरनेट" ही पाटीसुद्धा फार शहाणी नाही. विंडोज गुपचूप मायक्रोसॉफ्टच्या एका ठरलेल्या पत्त्यावरून एक बारकीशी टेक्स्ट फाइल मागते. आली तर इंटरनेट आहे, नाही आली तर नाही. कुठे अडलं, हे त्या पाटीच्या गावीही नसतं.

खरं तर कुठे अडलंय ते शोधायला पाच मिनिटं लागतात. काळी खिडकी उघडायची (तीच ती, सिनेमात हॅकर लोक उघडतात ती) आणि आयपीकॉन्फिग टाइप करायचं. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने कॉम्प्युटरला पत्ताच दिलेला नाही. भांडण घरातल्या घरात आहे. पासवर्ड, ड्रायव्हर किंवा राउटरचं पत्ते वाटायचं काम, यांपैकी काहीतरी. पत्ता १९२.१६८ वाला आला असेल तर त्याखाली "डिफॉल्ट गेटवे" म्हणून जो आकडा दिसतो, त्याला पिंग करायचं. हा आकडा म्हणजे तुमचा राउटर. दोन-तीन मिलिसेकंदांत सलग उत्तरं आली तर वायफाय ठणठणीत आहे, त्याला हात लावू नका. उत्तर कधी दोनमध्ये, कधी तीनशेमध्ये, कधी येतच नाही असं असेल तर रेडिओचा घोळ आहे. मग ८.८.८.८ ला पिंग. राउटर बोलतोय पण हा बोलत नाही, म्हणजे बिघाड बहुतेक घराबाहेर. हाही बोलतोय पण वेबसाइटचं नाव टाकलं की अडतंय, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या डीएनएसची गडबड. झालं. यात बी.ई. कुठे लागली?

राउटर बंद-चालू केल्याने कधी कधी काम होतं, हे खरंच आहे. त्याची मेमरी चिमुकली असते, जोडण्यांची यादी भरून जाते, किंवा चालू होताना तो जरा कमी गर्दीचा चॅनल निवडतो आणि गाडी रुळावर येते. पण काय बिघडलं होतं आणि काय दुरुस्त झालं, हे कुणालाच कळत नाही. आणि बहुतेक घरगुती राउटर आपली नोंदवही तात्पुरत्या मेमरीत ठेवतात. वीज बंद केली की वही कोरी! म्हणजे पंचनामा व्हायच्या आधी जागा धुवून काढायची. पुढच्या रविवारी परत तोच फोन.

शिवाय आमच्याकडे एक वेगळीच गंमत आहे. वीज दिवसातून दोन-तीनदा जाते आणि येते, म्हणजे राउटर आपोआपच तितक्या वेळा बंद-चालू होतो. औष्णिक वीज केंद्र गावाला लागून, क्षमता २९२० मेगावॉट, तरी! त्या मंत्रात खरोखर ताकद असती तर चंद्रपूरचं वायफाय महाराष्ट्रात सगळ्यात निरोगी असायला हवं होतं.

आता राउटरच्या डब्यातल्या त्या पुस्तिकेकडे येऊ. "राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर, मोकळ्या जागी ठेवा." चित्रात एक पांढराशुभ्र हॉल, एक सोफा आणि एक कुंडी. ज्याने हे चित्र काढलं त्याने विदर्भातलं घर उन्हाळ्यात पाहिलेलं नाही. आपल्याकडे राउटरची जागा सिग्नल ठरवत नाही, प्लग पॉइंट ठरवतो. आणि होळी झाली की प्लग पॉइंटवर पहिला हक्क कूलरचा.

कूलर म्हणजे काय, रेडिओच्या भाषेत सांगतो. चारही बाजूंनी पत्रा, तळाशी पाण्याची टाकी, तीन बाजूंना ओल्या ताट्या आणि आत फिरणारी मोटर. २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांबीची. लोखंडावर आपटली की परत फिरते, पाण्यात शिरली की विरते. वायफाय अडवणारं यंत्र मुद्दाम बनवायचं ठरवलं असतं तरी याहून फार वेगळं निघालं नसतं. आणि हे धूड दोन्ही खोल्यांना हवा लागावी म्हणून मधल्या दारात उभं केलेलं असतं. अलीकडे राउटर, पलीकडे कॉम्प्युटर. दर एप्रिलमध्ये "उन्हाळ्यात नेट स्लो होते बापा" अशी तक्रार असते. ती खोटी नाही. फक्त कारण कंपनीच्या तारेत नसून मधल्या दारात आहे. जुन्या परकोटाच्या आतल्या घरांत जाडजूड भिंती, वस्त्यांमधल्या घरांवर टिनाचं छप्पर, आणि राउटर "सुरक्षित राहावा" म्हणून लोखंडी कपाटावर किंवा थेट कपाटात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान खरा, पण भिंतींपुढे तो २.४ च्याही आधी हात टेकतो.

आणि तापमान? बहुतेक घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: चालवण्याचं तापमान ० ते ४० अंश सेल्सिअस. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४६-४७ ला जातो. वीज गेली, इन्व्हर्टरवर राउटर चालू आहे पण कूलर बंद, दुपारचे तीन वाजलेत, खोली पश्चिमेची. तो डबा स्वतःच्या लिखित मर्यादेच्या बाहेर काम करतोय आणि धापा टाकतोय. हे उपकरण ज्या गावात विकायचं त्या गावात ते वर्षातले दीड-दोन महिने चालवण्यालायक नाही, असं त्याच्याच कागदावर लिहिलंय, आणि आपण आईला विचारतो, "तू काही बटण दाबलंस का?"

यानंतरचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. रीस्टार्ट करायला सांगणाऱ्याला बरंच काही आधीच दिसत असतं, किंवा दिसू शकतं.

घरोघरी जी फायबर आलीय तिच्या टोकाला जो डबा असतो (ओएनटी म्हणतात, बऱ्याचदा राउटर त्यातच असतो) तो कंपनीच्या यंत्राशी सतत बोलत असतो. किती प्रकाश पोचतोय याचं माप तिकडे बसल्या बसल्या वाचता येतं. उणे वीसच्या आसपास असेल तर मजेत. उणे सत्तावीसच्या खाली घसरलं की जोडणी डळमळायला लागते, म्हणजे फायबर कुठेतरी दुमडलीय, जॉइंट खराब आहे किंवा तार ताणली गेलीय. याहून भारी गोष्ट म्हणजे, वीज जाताना हा डबा मरता मरता एक निरोप पाठवतो. इंजिनिअर मंडळी त्याला "डाइंग गॅस्प" म्हणतात, शेवटचा आचका. तो निरोप आला तर घरची वीज गेली. निरोप न देताच डबा गप्प झाला तर तार तुटली. म्हणजे वीज गेली की फायबर कापली गेली, हा फरक कंपनीच्या यंत्राला त्याच क्षणी कळू शकतो. घरातला राउटर दुरून तपासायची पद्धत, टीआर-०६९, तर २००४ सालापासून उपलब्ध आहे. त्यातून वायफायची सेटिंगसुद्धा पाहता येते. हे काही रॉकेट सायन्स नाही, आपल्या हापिसात आपण याच्या दसपट गोष्टी डॅशबोर्डवर लावून ठेवतो.

आणि तरीही फोनवर विचारलं जातं, "मॅडम, लाल लाइट जल रही है क्या? एक बार रीस्टार्ट कर लीजिए."

मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे सहा दिवस नेट बंद होतं. कंपनीचं नाव सांगत नाही, सगळ्या सारख्याच. सहा दिवसांत आईने नऊ वेळा राउटर बंद-चालू केला. पहिले दोन दिवस तर तक्रार नोंदवलीच गेली नाही, कारण "रीस्टार्ट करून अर्धा तास बघा, नाही झालं तर परत फोन करा". बाबांनी वहीत वेळा लिहून ठेवल्या होत्या, रिटायर्ड माणसाची वही, त्यात कोणी काय सांगितलं तेही. सहाव्या दिवशी लाइनमन आला, घरात पाऊलही न टाकता खांबावर चढला आणि वीस मिनिटांत खाली आला. झाडाची फांदी तारेवर पडली होती. त्या सहा दिवसांत धाकट्या बहिणीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत होती. तिने तो शेवटच्या दिवशी जटपुरा गेटजवळच्या एका दुकानातून, मोबाइलचं नेट जोडून, दुकानदाराच्या लॅपटॉपवर भरला. भरला गेला, म्हणून ही गोष्ट मी चिडून सांगतोय. नसता गेला तर हसण्या-चिडण्यापलीकडे गेली असती.

या दोन दिवसांचा हिशोब नीट बघा. ट्रायचे सेवेच्या दर्जाचे नवे नियम २०२४ साली आले. त्यांत घरच्या तारेच्या जोडणीचा बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही तर ग्राहकाला भरपाईची तरतूद आहे. पण हे घड्याळ तक्रार नोंदवल्यावर सुरू होतं. रीस्टार्टचा मंत्र ते घड्याळ सुरूच होऊ देत नाही. म्हणून तो मला निरुपद्रवी वाटत नाही. तो तपासणी नाहीच. तक्रारीच्या खिडकीपुढे लावलेलं ते आडकाठीचं बाकडं आहे.

चंद्रपूर तरी शहर आहे. खांबावर चढणारा माणूस सहा दिवसांनी का होईना, येतो. गडचिरोलीचा विचार करा. १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा झालेला, १४,४१२ चौरस किलोमीटरचा जिल्हा, त्यात बहुतेक जंगल. सिरोंचा जिल्ह्याच्या गावापासून दोनशे किलोमीटरच्या आसपास. भामरागडचा रस्ता पर्लकोटेला पूर आला की बंद, हे दर पावसाळ्यात पेपरात येतंच. त्याच नव्या नियमांत म्हटलंय की एखाद्या जिल्ह्यात सेवा चोवीस तासांहून जास्त बंद राहिली तर मोबाइल ग्राहकाला सूट द्यायची. एकक काय, तर जिल्हा! कोरचीपासून सिरोंच्यापर्यंत सगळं एकदम बंद पडेपर्यंत वाट बघायची का? एटापल्ली तालुका आठवडाभर अंधारात राहिला तरी "जिल्हा" कागदावर चालूच.

इथेही काड्या फुल, नेट नाही, हाच प्रकार आहे, फक्त सरकारी आकाराचा. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली, २०१५ मध्ये तिचं नाव भारतनेट झालं, लक्ष्य अडीच लाख ग्रामपंचायतींचं. त्यातली मोजणी "सर्व्हिस रेडी" ग्रामपंचायतींची असते. सेवेसाठी तयार, म्हणजे सेवा चालू असं नाही! शिवाय ही फायबर सुरुवातीला रांगेत टाकली गेली, एका पुढे एक, माळेतल्या मण्यांसारखी. रस्त्याच्या कामाला आलेल्या जेसीबीने मधे एक घाव घातला की पुढची सगळी गावं गेली. वर्तुळाकार जोडणी केली तर एका बाजूने तुटलं तरी दुसऱ्या बाजूने चालतं. हे नेटवर्किंगच्या पहिल्याच पुस्तकात असतं, पण ते सुधारित भारतनेटमध्ये यायला ऑगस्ट २०२३ उजाडला, सुमारे १ लाख ३९ हजार कोटींच्या मंजुरीसह. आणि ब्रॉडबँड कशाला म्हणायचं? २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएस. २०१३ ला ५१२. जानेवारी २०२३ मध्ये २ एमबीपीएस. गावातल्या घराला "ब्रॉडबँड आहे" असं वर्षानुवर्षं छातीठोकपणे सांगता येत होतं ते या मापाच्या जोरावर.

जंगलात अवघड असतं, हे कारण मला फार ऐकवू नका. भामरागड तालुक्यात कवंडेला मार्च २०२५ मध्ये पोलिसांनी २४ तासांत नवं ठाणं उभारलं, त्यात मोबाइल टॉवरही होता आणि वायफायही. चांगलंच झालं, तिथल्या जवानांना ते हवंच. पण मग ठाण्यापलीकडच्या गावातल्या शाळेला तेच सांगताना डोंगर, नद्या आणि झाडं का आठवतात?

आपल्यातलेच काही जण म्हणतात, "अरे, घरच्यांना काही कळत नाही रे, त्यांना पिंग-बिंग काय सांगतोस." मला हे वाक्य मंत्रापेक्षाही जास्त टोचतं. ज्या बाईला कूलरचा पंप अडकलाय की जळालाय हे नुसत्या आवाजावरून कळतं, मिक्सरच्या वासावरून कॉइल गेली की नुसतं भांडं जाम झालं हे जी सांगते, गॅसच्या ज्योतीचा रंग बघून बर्नर साफ करायला घेते, तिला राउटर बोलतोय की नाही हे कळणार नाही? त्या कूलरला आवाज आहे, मिक्सरला वास आहे. राउटरला चार मुके दिवे दिलेत, त्यांची नावं इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. "लॉस" लिहिलेला लाल दिवा लागला तर त्याचा अर्थ प्रकाश पोचत नाही, तार बघा. आता लॉस म्हटल्यावर माणसाला आधी तोटाच आठवणार ना! तिथे मराठीत "तार तुटली" असं लिहायला किती खर्च आला असता?

आमच्या घरी मी राउटरच्या वर भिंतीला एक कागद चिकटवलाय. त्यावर चार ओळी आहेत: पत्ता कोणता दिसतो, राउटर बोलतो का, ८.८.८.८ बोलतो का, लाल दिवा आहे का. खाली बाबांच्या अक्षरात तारखा. एप्रिलमध्ये कूलर मधल्या दारातून परत खिडकीत गेला आणि राउटर कपाटावरून भिंतीवरच्या फळीवर आला, वीस फूट केबल आणि पन्नास रुपयांच्या क्लिपांमध्ये. कॉम्प्युटर तर आम्ही सरळ केबलनेच जोडला. वायफाय मोबाइलसाठी ठेवलं. (टेबलावरून कधीच न हलणाऱ्या यंत्राला बिनतारी जोडणी कशाला लागते, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) पुढच्या वेळी तुम्हालाही फोन आला तर घरच्यांकडून आधी या चार उत्तरांची नोंद घ्या, मग कंपनीला फोन लावा, आणि पहिल्याच वाक्यात तक्रार क्रमांक मागा. तो मिळेपर्यंत रीस्टार्टचं नाव काढू देऊ नका. दुसरा प्रश्न, "आमच्या ओएनटीवर आत्ता प्रकाश किती पोचतोय?" आकडा सांगा म्हणावं. तो त्यांना दिसू शकतो. "वरच्यांशी बोलून सांगतो" म्हणाले तर वरच्यांशी बोलेपर्यंत होल्डवर थांबा, आज तसाही रविवार आहे. तक्रार मिटली नाही तर कंपनीतच अपील प्राधिकारी असतो, २०१२ च्या नियमांनी तो ठेवणं बंधनकारक आहे आणि अपिलाला एक पैसा लागत नाही. त्याचा पत्ता कंपनीच्या वेबसाइटवर असतो, अगदी तळाशी, करड्या अक्षरांत.